औषधाच्या आधी भिंत दाखवा

वाचकांचे प्रश्न : श्वास आणि छाती

जुलै उजाडला की माझ्या टपालाचा नूर बदलतो. उन्हाळ्यात धूळ, लग्नाघरचं तेलकट, गार पाणी असं सगळं मिसळलेलं असतं. पावसाळ्यात मात्र सगळी पत्रं एकाच विषयाची, ओल आणि बुरशी. यंदा डोंबिवलीहून आलेल्या पाकिटात भिंतीचा एक पोपडाच निघाला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून पाठवलेला. तपासून सांगा म्हणे. पिशवी मी उघडली नाही. पत्र मात्र दोनदा वाचलं, आणि सुरुवात त्याच पत्राने करते.

आम्ही चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मुलगा सात वर्षांचा आहे. गेली दोन वर्षं पाऊस लागला की तो रात्री दोन-तीनच्या सुमारास खोकत उठतो. दिवसा अगदी ठणठणीत असतो. दिवाळीनंतर आपोआप थांबतं. यंदा आतापर्यंत तीन वेळा अँटिबायोटिक झालं. त्याच्या पलंगाच्या डोक्याशी कपाट आहे, त्यामागची भिंत काळी पडली आहे. घरमालक म्हणतात, रंग मारून घ्या, पैसे मी देतो. सासूबाई म्हणतात, पंप एकदा सुरू केला की जन्मभर सुटत नाही. आम्हा बाकीच्यांना काहीच होत नाही, मग त्यालाच का? पोपडा पाठवते आहे, कुठली बुरशी आहे ते कळेल का?
— एक आई, डोंबिवली

पोपड्यापासून सुरू करू. ती बुरशी कुठली हे कळून तुमच्या मुलाच्या उपचारात काडीचाही फरक पडणार नाही. ओल्या भिंतीवर बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम यांच्यापैकी कुणीतरी असतं, पुष्कळदा एकत्र कुटुंबच असतं. हवेत अमुक इतके बीजाणू असले तर घर सुरक्षित, असा आकडा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली तेव्हाही दिला नाही. ओल दिसली तर ती थांबवा आणि बुरशी काढा, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हा घरातल्या हवेची तपासणी करून देतो म्हणणारा कुणी दारात आला तर ते पैसे त्याला न देता प्लंबरला द्या.

आता त्यालाच का. बुरशीचे बीजाणू केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात आणि श्वासाबरोबर सगळ्यांच्याच छातीत जातात. तुमच्या शरीराने त्यांची दखल घेतली नाही, त्याच्या शरीराने त्यांना शत्रू ठरवलं. मग श्वासनलिकांचं आतलं अस्तर सुजतं, भोवतीचे स्नायू आवळतात आणि खोकला सुरू होतो. रात्री दोन-तीनची वेळ दम्याची ठरलेलीच आहे, पहाटेकडे श्वासनलिका एरवीही थोड्या अरुंद होतात. त्यात हा मुलगा रोज आठ-नऊ तास त्या भिंतीला डोकं लावून झोपतो. पण सगळा दोष बुरशीच्या माथी मारू नका. दमट हवेत गादीतले धुळीचे किडेही माजतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि तेही हेच करतात. गादी किती वर्षांची आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पत्रावरून मी निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते बाळदम्याचं वर्णन आहे. जंतुसंसर्ग दर वर्षी जूनमध्ये येऊन दिवाळीला निघून जात नाही, म्हणून चौथं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा छातीच्या डॉक्टरांकडे न्या. सात वर्षांचं मूल नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी नीट करू शकतं. जाताना दोन गोष्टी न्या: पंधरा दिवस कोणत्या रात्री किती वाजता उठला याची नोंद, आणि त्या भिंतीचा फोटो. मी दादरला दवाखाना चालवत असताना पावसाळ्यात प्रत्येक खोकणाऱ्याला भिंतीचा फोटो आणायला सांगायचे. आधी लोक हसायचे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा. पंपातल्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपटीचं माप. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं म्हणून इतकं थोडं पुरतं. सवय पंपाची लागत नाही, दमा असेतोवर तो लागतो, आणि पुष्कळ मुलांचा दमा वाढत्या वयात शांत होतो. मुलाला पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच द्या, नाहीतर निम्मं औषध जिभेवर बसतं. मात्र श्वास घेताना बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले, एक वाक्य सलग बोलवेना, ओठ निळसर दिसले, तर डॉक्टर कधी येतात हे विचारत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

राहिली भिंत. पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. पोळ्या गुंडाळतो त्या फॉइलचा वीतभर तुकडा कोरड्या पुसलेल्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. खोलीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर ओल खोलीतल्या हवेची आहे. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते आतून झिरपतंय. डागही बोलतो. छताखाली पिवळसर कडं असलेला डाग म्हणजे बहुधा वरच्या मजल्याचं बाथरूम किंवा पाइप. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा फुटलेला असेल तर जमिनीतली ओल वर चढते आहे. कोपऱ्यात आणि कपाटामागे काळे ठिपके असतील तर तिथे हवा खेळत नाही.

झिरप बाहेरच्या भिंतीची, गच्चीची किंवा बाहेरच्या सामायिक पाइपची असेल आणि इमारतीची नोंदणीकृत सहकारी सोसायटी असेल, तर महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाची आहे. घरमालकांनी रंगाचे पैसे द्यायच्या ऐवजी सोसायटीला एक लेखी अर्ज द्यावा.

रंगाबद्दल मात्र मी चिडून लिहिते आहे, कारण हा सल्ला मी तेहतीस वर्षं ऐकला. ओल्या भिंतीवर मारलेला रंग म्हणजे बुरशीला नवं पांघरूण, आणि पुढच्या जूनमध्ये ती ते फेकून देते. इंग्लंडात रॉचडेल गावी अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरात बुरशी आहे ही तक्रार त्याच्या वडिलांनी २०१७ सालीच केली होती, आणि रंग मारून घ्या असंच उत्तर त्यांना मिळालं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत, घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्काने झालेला श्वसनाचा गंभीर विकार, असं कारण नोंदलं गेलं. पुढच्या वर्षी तिथे त्या मुलाच्या नावाने कायद्यात तरतूद झाली. असा मृत्यू अतिशय विरळा आहे, तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. घरमालकांना वाचून दाखवा म्हणून लिहिते.

दुरुस्ती होईपर्यंत, आजच, पलंग त्या भिंतीपासून हलवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आणि कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. एका पावसाळ्यात मी गंमत म्हणून धुतलेले, पिळलेले कपडे काट्यावर तोलले आणि वाळल्यावर पुन्हा तोलले. सव्वादोन किलोचा फरक. म्हणजे सव्वादोन लिटर पाणी मी दोरीवरून माझ्याच बेडरूमच्या भिंतींना पाजलं होतं, आणि रोज पाजत होते.

माझे पती ५८ वर्षांचे आहेत, कधी विडी-सिगारेट नाही. दोन उन्हाळ्यांपासून कोरडा खोकला आहे आणि आता जिना चढताना धाप लागते. थुंकी तपासली, टीबी नाही. मे महिन्यात मुलीकडे पुण्याला महिनाभर राहिलो तर बरंच बरं वाटलं, परत आल्यावर आठवड्यात पुन्हा तेच. आमच्या घराला ओल मुळीच नाही, नागपुरात कुठली ओल! मग हे काय असावं?
— एक वाचक, नागपूर

ताई, पुण्याचं ते वाक्य वाचून मी सरळ बसले. गाव सोडलं की बरं आणि घरी आलं की पुन्हा, असं असेल तर घरातलंच काहीतरी छातीला सोसत नाही. घराला ओल नाही म्हणता, पण खिडकीत कूलर आहे ना?

कूलर म्हणजे आपण हौसेने विकत आणलेली ओली भिंत. टाकीत दिवसेंदिवस तेच पाणी, वर कायम भिजलेली गवताची किंवा वाळ्याची तट्टी, आणि मागून पंखा. त्या तट्टीवर बुरशी आणि काही जीवाणू वाढतात आणि रात्रभर थेट उशीवर फेकले जातात. काहींच्या फुप्फुसांना त्याचं वावडं होतं. हा दमा नव्हे. इथे सूज श्वासनलिकांत कमी आणि फुप्फुसाच्या पिशव्यांभोवतीच्या नाजूक जाळीत जास्त असते. डॉक्टरी भाषेत हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर ती जाळी कडक होते आणि मग परत मऊ होत नाही, म्हणून घाई करा असं सांगते आहे.

भारतातल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास निम्म्यांना हाच आजार निघाला, आणि त्या निम्म्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या घरी कूलर होता. या आजाराचं कारण म्हणून आम्हा मुंबईच्या डॉक्टरांना तोवर कबुतरंच आठवायची. साखर कारखान्यात कुजक्या, बुरशी आलेल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगाशी काम करणाऱ्यांनाही याच जातीचा आजार होतो, त्याला नावच बगॅसोसिस आहे.

छातीच्या डॉक्टरांना कूलरबद्दल तुम्ही आपणहून सांगा, कारण हा प्रश्न विचारला जाईलच असं नाही. छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, लागेल. कबुतरं, पिसांच्या उशा, जुनी गवताची गंजी असं आणखी काही आसपास असेल तर तेही सांगा. निदान हेच निघालं तर कूलर धुऊन चालणार नाही, तो घराबाहेर जायला हवा. नागपूरच्या मे महिन्यात हे सांगणं किती सोपं आहे ते मला ठाऊक आहे, दोन उन्हाळे मी मेडिकल चौकात काढलेत. पण औषधापेक्षा ते जास्त काम करेल. बाकी ज्यांना काही त्रास नाही त्यांनी टाकीतलं पाणी साठवून ठेवू नये, आठवड्याला टाकी घासावी, तट्ट्या दर हंगामाला नव्या घालाव्यात, आणि पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा थोडा वेळ चालवून तट्टी वाळवावी.

वडिलांना मधुमेह आहे. बाथरूममधल्या काळ्या बुरशीने त्यांना २०२१ सारखा ‘ब्लॅक फंगस’ होईल का?
— एक वाचक, नाशिक

नाही. नावाने घोटाळा केला. कोविडच्या लाटेत झाला तो म्युकरमायकोसिस. ती बुरशी काळी नसते, तिने मारलेली ऊती काळी पडते. ती मातीत, पालापाचोळ्यात सगळीकडे असते आणि तुमच्या-माझ्या नाकातून रोज जाते. २०२१ मध्ये बेसुमार वाढलेली साखर आणि स्टिरॉइड यांनी तिला दार उघडून दिलं. बाथरूमच्या फरशांच्या फटीतली काळी ती वेगळी. वडिलांची साखर आटोक्यात ठेवा, आणि ती बुरशी घासायचं काम त्यांना देऊ नका. अवयवरोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले यांनीही तिथे हात घालू नये.

सावंतवाडीजवळ आमचं चिऱ्याचं घर आहे. मे महिन्यात बंद करतो ते गणपतीला उघडतो. दार उघडल्यावर जो वास येतो त्याने मला दिवसभर शिंका, आणि दिराला दम लागतो. यंदा जावेचं महिन्याचं बाळ प्रथमच येणार आहे. आम्ही आल्याआल्या ब्लीचिंग पावडर, ॲसिड सगळं वापरून घासतो, धूप फिरवतो. आणखी काय करावं?
— एक वाचक, परळ

माझं माहेर तिथून दोन तासांवर, तो वास मला झोपेतही ओळखता येईल. कौलांखाली तीन महिने कोंडलेला. आम्ही त्याला गणपतीचा वास म्हणायचो, आणि माझी आई हरतालिकेपासून खोकत असायची. तिला दमा होता हे मी डॉक्टर झाल्यावर कळलं.

सगळ्यात आधी, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नका. एकानंतर दुसरंही नको. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांवर सोडला तोच. बंद न्हाणीघरात त्याने धडधाकट माणूस आडवा होतो, दिराचं काय होईल? खरं तर दोन्हींची गरज नाही. मेलेली बुरशीही त्रास देतेच, म्हणून ती मारण्यापेक्षा खरवडून, पुसून घराबाहेर काढणं महत्त्वाचं. साधं धुण्याच्या पावडरचं पाणी, ताठ ब्रश आणि नंतर कोरडं फडकं, एवढ्याने लाकूड, फरशी, लोखंड साफ होतं.

दमा नसलेली दोन माणसं एक दिवस आधी पाठवा. दारं-खिडक्या उघडून त्यांनी तासभर ओटीवर, नाहीतर शेजारी चहाला जाऊन बसावं. मग नाकाला एन-९५ मास्क लावून कामाला लागावं. कोरडी केरसुणी फिरवू नये, बीजाणू उडून सगळ्या घरात बसतात. आधी ओल्या फडक्याने पुसावं. गाद्या आतपर्यंत कुबट झाल्या असतील तर मन घट्ट करून टाकून द्याव्यात, गादीचं पोट धुता येत नाही. धूप आणि लोबानाने वास झाकला जातो, बुरशी जागची हलत नाही, आणि दमेकऱ्याला धुराचा ताप वेगळा. कपडे वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी तर अजिबात नको. तिच्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

आणि बाळ. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी, झबली, गोधडी त्याच्या अंगाला लावू नका. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जात नाही, आणि काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. बाळाचे कपडे मुंबईहून न्या. बाळ आणि दीर दोघांनीही साफसफाई झाल्यावर दुसऱ्या दिवशी यावं. आरतीला वेळेवर पोचतील.

वय ३४, लहानपणापासून दमा. खोकल्यातून मधूनमधून तपकिरी, मेणासारखे गोळे पडतात. एक्स-रेमध्ये डाग दिसतो म्हणून टीबीची औषधं दोनदा झाली, जंतू एकदाही सापडले नाहीत. घरात कुठेही बुरशी नाही.
— एक शिक्षक, कोल्हापूर

घरात नसेल, पण तुमच्या श्वासनलिकेत असू शकते. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी शेणखतात, कुजत्या पाल्यात, धान्याच्या कोठारात सगळीकडे असते. काही दमेकऱ्यांच्या कफात ती मुक्काम ठोकते आणि शरीर तिच्याशी भांडत राहतं. नाव लांबलचक आहे, डॉक्टर एबीपीए म्हणतात. तपकिरी गोळे ही तिची खूण, आणि एक्स-रेवरचा डाग टीबीसारखा दिसतो म्हणून आपल्याकडे ही चूक वारंवार होते. रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि ॲस्परजिलसविरुद्धचं आयजीई, या दोन तपासण्यांबद्दल छातीच्या डॉक्टरांना विचारा. यावर उपचार आहे. सध्या टीबीची औषधं चालू असतील तर माझं वाचून बंद करू नका, तो निर्णय समोर बसलेल्या डॉक्टरांचा.

शेंगदाण्याच्या डब्यात वरच्या थराला हिरवट बुरा आलाय. चार किलो दाणे आहेत. निवडून, उन्हात घालून, खरपूस भाजून कूट केलं तर चालेल ना?
— एक गृहिणी, बार्शी

नाही चालणार, आणि चार किलोंचं दुःख मला समजतं. दाण्यावर, मक्यावर येणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते. भाजून बुरशी मरते, विष बरंचसं तसंच राहतं, आणि न बुरसलेल्या दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं. ते यकृतावर जातं. १९७४ साली राजस्थान-गुजरातकडच्या आदिवासी गावांत पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्याने काविळीची साथ आली आणि शंभरावर माणसं दगावली. त्यांच्याकडे दुसरं धान्य नव्हतं. तुमच्याकडे आहे.

नवे दाणे आणाल ते खडखडीत वाळवून, थोडे-थोडे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि हे चार किलो फेकवत नाहीत म्हणून म्हशीपुढे टाकू नका. ते विष दुधात उतरतं, आणि सकाळी तुमच्याच चहाच्या कपात परत येतं.